पहिल्या आवृत्तीत मी मयत

जुन्या सिनेमांच्या आणि टीव्ही मालिकांच्या संगीताच्या रेकॉर्डी हल्ली नव्याने छापून निघतात, आणि त्या जमवणारी माणसं रोममध्ये शेकड्याने आहेत. पण माझ्याइतकी काटेकोर संग्राहक दुसरी नाही. ही फुशारकी नाही, वस्तुस्थिती आहे. बाकीचे लोक संगीतकार बघून घेतात, कव्हरवरची बाई बघून घेतात, लाल प्लास्टिकची आहे म्हणून घेतात. मी एकच गोष्ट बघते. तिच्यात मी आहे का? माझ्याकडे त्र्याहत्तर रेकॉर्डी आहेत आणि त्र्याहत्तरांत मी आहे.

कुठे आहे, ते मात्र मलाच ठाऊक. सत्तर सालच्या आगेमागे आमच्या रोममध्ये दिवसाला एक सिनेमा पुरा होत असे, आणि प्रत्येकाला मागून कुणीतरी 'आ' करायला लागायचंच. खून असला की 'आ', प्रेम असलं की 'ऊ', उघड्या मोटारीतून समुद्रकिनारा असला की 'दाबा-दाबा-दा'. टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरला नुसतं 'हंऽऽ', कारण सरकारी टीव्हीला त्याहून जास्त सोसत नसे. आम्ही आठ जणी होतो. सकाळी नऊला घोड्यांच्या सिनेमात 'हो-हो', दुपारी हॅम घातलेला पाव, संध्याकाळी जोगिणींच्या मठातलं काहीतरी पवित्र. अख्ख्या कारकिर्दीत मला एक शब्द म्हणून गायला मिळाला नाही. नेल्लो, माझा नवरा, लोकांना सांगायचा, "माझी बायको गाते, पण काय ते विचारू नका."

आता पन्नास वर्षांनी तोक्योपासून बर्लिनपर्यंतच्या दाढीवाल्या मुलांना शोध लागलाय, की ते संगीत थोर होतं. जाडजूड रेकॉर्ड, चकचकीत कव्हर, आत वीस पानांची पुस्तिका. त्या पुस्तिकेत कुणाकुणाची नावं असतात म्हणून सांगू! ध्वनिमुद्रकाचं असतं. बास वाजवणाऱ्याच्या मेहुण्याने एक फोटो दिला म्हणून त्याचे जाहीर आभार असतात. एकीत तर स्टुडिओच्या मांजरीचं नाव आहे. आणि आम्ही? 'आठ स्त्रियांचा कोरस.' मांजरीला नाव आहे आणि मी एक-अष्टमांश!

म्हणून गेल्या ऑक्टोबरात रे दि रोमा चौकातल्या रेकॉर्डींच्या दुकानातून ऑसवाल्दोचा फोन आला, तेव्हा मी उभ्या उभ्या खुर्चीचा हात धरला.

"सिन्योरा एर्सिलिया, 'मध्यरात्रीची गोगलगाय' नव्याने निघालीय. आणि बसा जरा. पुस्तिकेत तुमचं नाव आहे."

"कोरसमध्ये?"

"छे. स्वतंत्र. जिन्यातलं 'आ' तुमच्या नावावर दिलंय. मी वरवर चाळली फक्त, पण नाव पाहिलं मी. एर्सिलिया पाल्मुच्ची. पूर्ण."

त्या काळी आमच्याकडे खुनाच्या सिनेमाच्या नावात एखादं जनावर असल्याशिवाय तिकीट विकलं जात नसे. ही गोगलगाय एकाहत्तर सालची. तिच्यात नायिका मेणबत्ती घेऊन जिना चढते, आणि त्या वेळी बावीस सेकंद एकटीचं 'आ' आहे. माझं! मागे कुणी नाही, सोबत कुणी नाही. तिसऱ्या सुरावरून चौथ्यावर जाताना आवाज किंचित घसरतो आणि सावरतो, तोही माझाच. त्यावर माएस्त्रो, म्हणजे आमचे संगीतकार, म्हणाले होते, "राहू दे, पायरी चुकल्यासारखं वाटतं." आणि हे बावीस सेकंद आमच्यातली इरीदे स्कारपेत्ती गेली पस्तीस वर्षं स्वतःचे म्हणून सांगत फिरते. अठ्ठ्याऐंशी साली निवृत्तीच्या जेवणात तिने हे भर टेबलावर म्हटलं, मी माझी ताटली उचलून दुसऱ्या टेबलावर गेले, आणि त्यानंतर आम्ही बोललो नाही. ती ओस्तियाला राहते. मी ओस्तियाला पोहायला जाणंही सोडलं.

तर माझा बेत असा होता. केस सेट करून घ्यायचे. तीन प्रती घ्यायच्या: एक ऐकायला, एक न उघडता ठेवायला, आणि एक ओस्तियाला, पत्राशिवाय, ते पान दुमडून.

ऑसवाल्दोने खुर्ची दिली. दुकानात माझं 'आ' लावूनच ठेवलं होतं. मी चष्म्यावर भिंग धरलं आणि वाचलं:

'जिन्यातला अविस्मरणीय आवाज एर्सिलिया पाल्मुच्ची (१९४८–२००९) यांचा. अकाली हरपलेल्या या गायिकेस ही आवृत्ती अर्पण.'

मी पुन्हा वाचलं. ऑसवाल्दोने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि त्याचा हात सरळ किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला. लोखंडाला हात लावला की अशुभ टळतं. निदान किल्ल्यांना लावला, बाकीचे पुरुष अशा वेळी कुठे हात लावतात ते मी लिहीत नाही.

"याने आयुष्य वाढतं म्हणतात, सिन्योरा," तो म्हणाला.

"कुणाचं? ज्याने हे लिहिलं त्याचं वाढणार नाही."

"पण अर्पण केलीय तुम्हाला. हे चांगलंच—"

"ऑसवाल्दो, पन्नास वर्षं मला नाव नव्हतं. आज मिळालं, तर त्याच ओळीत मारून टाकलं. एक ओळभर तरी जगू द्यायचं होतं."

मी पेन काढलं. त्याच्या दुकानात सात प्रती होत्या. सातही उघडल्या, त्या कंसावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'खोटं आहे. मी जिवंत आहे. एर्सिलिया पाल्मुच्ची.'

"आता या कोण घेणार?" ऑसवाल्दो म्हणाला. "सिन्योरा, तुम्ही स्वतः संग्राहक आहात. पुस्तिकेवर पेनाचा ठिपका दिसला तरी तुम्ही माझ्याशी आठवडाभर बोलत नाही."

"हा ठिपका नाही. हे सत्य आहे."

तिथून मी निघाले ती ट्रॅम पकडून शहरातल्या बाकीच्या चार दुकानांत गेले. छत्री बरोबर होती, ती मी बोलताना जरा हलवते, ही सवय आहे. सगळीकडे एकच सांगितलं: ही रेकॉर्ड विकलीत तर माझा भाचा वकील आहे. भाचा दातांचा डॉक्टर आहे, पण सूट तो तसलाच घालतो. चारही दुकानदारांनी माझ्या देखत खोकी बांधली. संध्याकाळी घरी येऊन मी शांतपणे सूप प्यायले. न्याय झाल्यासारखा वाटला की भूक चांगली लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुळावर घाव घालायला पिन्येतोला गेले. रेकॉर्ड काढणारी कंपनी म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या निघाल्या. आतमध्ये जाकोपो नावाचा तिशीतला, दाढीवाला, डोळे सुजलेला माणूस खोक्यांच्या भिंतीमागे बसला होता. कंपनी तोच, पुस्तिका लिहिणाराही तोच.

"कोण हवंय?"

"तुम्ही ज्यांना ही आवृत्ती अर्पण केलीत, त्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कव्हरमधल्या फोटोकडे पाहिलं. मग माझ्या बुटांकडे पाहिलं, जमिनीला टेकलेत का ते बघायला. चेहरा कॉफीत न घातलेल्या दुधासारखा झाला.

"पण मी तुमच्यासाठी रडलोय," तो म्हणाला.

"आभारी आहे. कशावरून मेले मी?"

"मी तुमची कबर पाहिली. प्रिमा पोर्ताच्या दफनभूमीत. फुलंसुद्धा नेली होती. पांढरी."

ती फुलं! गेल्या मे महिन्यात नेल्लोच्या कप्प्यापाशी पांढरी गुलाबं दिसली होती, आणि ती आणली असतील या संशयावरून मी उन्हाळाभर त्याच्या जुन्या ऑफिसातल्या, आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका विधवेशी जिन्यात बोलले नव्हते.

आता खरं काय ते सांगते. नेल्लो दोन हजार नऊ साली गेला, तेव्हा शवपेटीसाठी दफनभूमीच्या भिंतीत असतो तसा शेजारचा कप्पा माझ्यासाठी घेऊन ठेवला, जसा सगळेच ठेवतात. दोन्हींवर मिळून एकच संगमरवर. दगडवाला म्हणाला, सिन्योरा, तुमचं नाव आत्ताच लावून घ्या, पुढे याच पितळी अक्षरांची जोडी मिळेल याची खात्री नाही, एक अक्षर पिवळं आणि एक काळं असं तुम्हाला चालेल का? मला चालणार नव्हतं. मग नाव लावलं, शेजारी अंडाकृती चिनी मातीच्या तुकड्यावर माझा फोटो लावला, केस चांगले आलेत तो. जन्मसाल मी सांगितलं ते कोरलं. संगमरवर ओळखपत्र मागत नाही. डावीकडे नेल्लो, उजवीकडे मी. आणि नेल्लोचं मृत्युसाल त्याने, दगड समतोल दिसावा म्हणून, दोघांच्या बरोब्बर मध्ये कोरलं.

"मला वाटलं अपघात," जाकोपो म्हणाला. "दोघं एकदम. मोटारीत."

"आमच्याकडे मोटार नव्हती."

"पण जिवंतपणी स्वतःच्या कबरीवर स्वतःचा फोटो कोण लावतं?"

"सगळे लावतात! तुम्ही कुठले?"

"बोल्झानोचा."

मी खाली बसले. बोल्झानोच्या माणसाला काय बोलणार? तिकडे पार उत्तरेच्या डोंगरांत लोक आधी मरतात आणि मग दगड घेतात.

"ठीक आहे," मी म्हटलं. "चूक कबूल?"

"शंभर टक्के."

"मग दुरुस्त करा."

त्याने मागच्या खोक्यांकडे हात केला. "पाचशे छापल्या. दुसरी आवृत्ती काढली की पहिल्याच पानावर दुरुस्ती, शब्द देतो. पण पहिली संपली तरच दुसरी निघते, सिन्योरा. आणि पहिली... काल कोणीतरी बाई छत्री घेऊन सगळ्या दुकानांतून फिरली. वेडसर असावी. चारही दुकानांनी माल परत केलाय. एकशे चाळीस प्रती. ही तीच खोकी."

मी माझी छत्री हळूच खुर्चीमागे सरकवली.

"म्हणजे," मी म्हटलं, "मी जिवंत व्हायचं असेल, तर आधी मी मेलेय असं सांगणाऱ्या पाचशे रेकॉर्डी खपायला हव्यात."

"असं तुम्ही म्हटलंत की वाईट वाटतं, पण हो."

"आणि नाही खपल्या तर?"

नाही खपल्या तर तोक्योपासून बर्लिनपर्यंत जिथे जिथे ती प्रत गेली, तिथे मी कायमची गेलेली. वर इरीदे जिवंत. जिन्यातलं 'आ' मग कुणाचं राहणार?

"आणखी एक," जाकोपो भीत भीत म्हणाला. "दुरुस्तीसाठी मला कागद लागेल. हयातीचा दाखला."

"मी तुमच्यासमोर बसलेय."

"बघतोय ना. पण मी फोटोसकट नाव बघूनच एकदा चुकलोय."

दाखल्यासाठी नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयात दोन तास गेले. खिडकीमागची बाई वाईट नव्हती, पण अर्जात 'कारण' असा रकाना होता आणि तिथे पेन्शन, विमा आणि परदेशी वास्तव्य एवढीच कारणं होती.

"पेन्शनसाठीच ना?" ती म्हणाली.

"नाही. गोगलगायीसाठी."

"सिन्योरा, तुमच्यामागे अकरा माणसं आहेत."

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मागची अकरा माणसं आधी कुरकुरली, मग पुढे सरकून ऐकू लागली. शेवटी तिने 'परदेशी वास्तव्य' वर शिक्का मारला आणि म्हणाली, "मेलेल्या माणसाला हेच जवळचं." कागद पाकिटात घालून मी न वाचता जाकोपोला नेऊन दिला. मी जिवंत आहे हे मला वाचायची गरज नव्हती.

उरला प्रश्न एकशे चाळीस प्रतींचा. तिथे जाकोपोने आणखी एक गोष्ट खाली मान घालून सांगितली. माझ्या स्मरणार्थ एक श्रवणसंध्या आधीच ठरली होती. पुढच्या शनिवारी, सहा वाजता. जागा: आमच्याच चर्चचं सभागृह. पत्रकं वाटून झाली होती. "अर्थात रद्द करतो," तो म्हणाला.

"खबरदार," मी म्हटलं. "लोक दुःखात असले की खरेदी करतात. नेल्लोच्या वेळी मी तीन हातबॅगा घेतल्या होत्या."

आमचे पाद्री फादर तार्चीसियो यांना मात्र विश्वासात घ्यावं लागलं, कारण त्यांनी मला गेल्याच रविवारी प्रसाद दिला होता.

"मला वाटलं, पत्रकावर दुसरी कुणीतरी पाल्मुच्ची आहे," ते म्हणाले. "एका बाईंनी तर तुमच्या आत्म्याच्या शांतीसाठी प्रार्थनाही सांगितली. मंगळवारी झाली ती."

"परत घ्या."

"ती परत घेता येत नाही, एर्सिलिया. पुढे उपयोगी पडेल."

"बरं. शनिवारी मी माझी बहीण म्हणून येणार आहे. चेझिरा, वितेर्बोची. तुम्ही खोटं बोलू नका, नुसते गप्प बसा. गप्प बसणं काही पाप नाही."

"ते परिस्थितीवर अवलंबून आहे," फादर तार्चीसियो म्हणाले, पण सभागृहाची किल्ली दिली.

शनिवारी मी काळा कोट घातला, काळा चष्मा लावला आणि कोपऱ्यातली शेवटची खुर्ची धरली. मला वाटलं होतं, वीसेक माणसं येतील. सभागृह भरलं! दाढीवाली मुलं, हातांवर चित्रं गोंदलेल्या मुली, दोन जपानी गृहस्थ, आणि आमच्या चर्चच्या अशा बायका ज्या कुठल्याही मयताला चुकत नाहीत. टेबलावर रेकॉर्डींची चळत, बाजूला बदामाची बिस्किटं. दिवे मंद केले आणि जाकोपोने जिन्यातलं 'आ' लावलं.

मी ते हजारदा ऐकलंय. पण शंभर माणसं ते श्वास रोखून ऐकताना मी कधी पाहिली नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने डोळे पुसले. संपल्यावर टाळ्या पडल्या. आम्हाला कधी टाळ्या नसत. काचेपलीकडून आवाज यायचा, 'पुढचं घ्या.' मीही टाळ्या वाजवल्या. बहीण म्हणून.

आणि रेकॉर्डी हातोहात चालल्या होत्या. जाकोपो खोकी फोडत होता आणि दर वेळी माझ्याकडे बघून बोटांनी खूण करत होता. नव्वद उरल्या. साठ उरल्या. चाळीस उरल्या, आणि दारातून इरीदे आली.

केस पांढरे झाले होते, बाकी तशीच, कपाटासारखी. हातात पुष्पचक्र. तिने ते माझ्या फोटोपुढे ठेवलं आणि रडली. खरंच रडली, हे मी मान्य करते; मला माझा चष्मा काढून पुसावा लागला. मग जाकोपोने, त्याला काय माहीत, तिला माईक दिला.

"एर्सिलिया मनाने चांगली होती," इरीदे म्हणाली. "पावातला हॅम मला द्यायची. भांडखोर होती, पण आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं."

मी काळा चष्मा परत लावला.

"आवाज लहान होता तिचा. गोड, पण लहान. वरच्या सुरांना ती नुसतं तोंड उघडायची, आम्ही सांभाळून घ्यायचो."

जाकोपोने मला खूण केली: पंचवीस.

"आणि आता ती नाही, तर खरं सांगायला हरकत नाही. हे जिन्यातलं जे ऐकलंत ना, ते मी गायले. त्या दिवशी एर्सिलियाचा घसा बसला होता. तिच्या नावावर आहे, असू दे. मेलेल्या माणसाशी काय हिशेब करायचा?"

जाकोपो आता दोन्ही हातांनी खूण करत होता. खाली बसा, अशी. फादर तार्चीसियो छताकडे बघत होते. मी चेझिरा आहे, मी वितेर्बोची आहे, मी मनात म्हटलं. वीस प्रती राहिल्यात. दहा मिनिटं कळ काढ आणि दुसऱ्या आवृत्तीत जिवंत हो.

मग इरीदे म्हणाली, "म्हणून तर तिसऱ्या सुरावर तो घसरलेला भाग आहे. माझी चूक नाही, मला आयत्या वेळी उभं केलं होतं."

चूक! माएस्त्रोंनी राहू दिलेली ती घसरण, माझ्या आयुष्यातली एकुलती एक शाबासकी, आणि ही तिला चूक म्हणतेय!

मी उभी राहिले आणि गायले. शब्द नव्हतेच, त्यामुळे विसरायचा प्रश्न नव्हता. आवाज आता जुन्या दारासारखा करकरतो. पहिला सूर खोकल्याबरोबर आला. पण तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना तो घसरला आणि सावरला, अगदी तिथेच, अगदी तेवढाच. ते काही शिकून येत नाही.

आमच्या चर्चच्या बायकांनी एकदम क्रूसाची खूण केली. एक जपानी गृहस्थ उभे राहून कमरेत वाकले. इरीदे मागे सरली आणि बदामाच्या बिस्किटांवर बसली.

"एर्सिलिया?"

"कोण असणार? घसा बसलाय, पण मीच."

"तू जिवंत आहेस?"

"वाईट वाटलं?"

"नाही गं," ती तिथेच बसून म्हणाली. "पण सांगायचंस तरी. पुष्पचक्र ओस्तियाहून मांडीवर धरून आणलंय मी. दोन बस बदलून."

पुढचं सांगायला नको. एका मुलाने ओरडून विचारलं, "सिन्योरा, सही द्याल?" आणि वीस प्रती संपायला चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ज्यांनी आधी घेतल्या होत्या, ते दुसरी मागू लागले: एक सहीची, एक बिनसहीची. शेवटी मी बॅगेतली माझी स्वतःची प्रतही एका गोंदलेल्या मुलीला देऊन टाकली. म्हटलं, मला काय करायचीय मेलेली? आता जिवंत येणार आहे. प्रत्येक प्रतीवर कंस खोडून लिहिलं, 'मी जिवंत आहे.' हात दुखून आला. फादर तार्चीसियोंनीही एक घेतली आणि ती प्रार्थना वाया गेली नाही असं म्हणाले.

इरीदेला मी बसपर्यंत सोडायला गेले. जिन्यातल्या 'आ' बद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही. बस आली तेव्हा ती म्हणाली, "घसरण चांगली येते अजून तुझी." एवढंच. मला पुरलं. पुष्पचक्र मी घरी नेलं. फुलं ताजी होती.

मार्चमध्ये दुसरी आवृत्ती आली. जाकोपो स्वतः खोकं घेऊन आला, कोट घालून. मी केस सेट केले होते. भिंग धरलं. कंसात मृत्युसाल नव्हतं, 'हरपलेल्या' नव्हतं, अर्पण नव्हतं. होतं ते असं:

'एर्सिलिया पाल्मुच्ची, सोप्रानो. जन्म १९४१, रोम.'

"हे काय?" मी म्हटलं.

"एकेक अक्षर दाखल्यावरून," जाकोपो अभिमानाने म्हणाला. "या वेळी दगडावर विश्वास ठेवला नाही. सात वर्षांचा फरक होता, सिन्योरा. बरं झालं तुम्ही कागद आणलात."

त्याच संध्याकाळी ओस्तियाहून फोन. "एक्केचाळीस?" इरीदे म्हणाली. "एक्केचाळीस? मी चव्वेचाळीस सालची आहे. आणि तू मला कोरसमध्ये इतकी वर्षं 'थोरली' म्हणत होतीस? सगळ्यात धाकटी म्हणून प्रत्येक फोटोत पुढे कोण उभी राहायची? स्टुडिओत हीटरजवळची खुर्ची मला दिलीस ती वय झालं म्हणून?"

"इरीदे, लाइन खराब आहे."

"लाइन उत्तम आहे."

मग माझ्या दातांच्या डॉक्टर भाच्याचा फोन आला, मग शेजारच्या बाईंचा, ज्यांच्याबरोबर मी मागच्याच वर्षी माझा पंचाहत्तरावा वाढदिवस केक कापून साजरा केला होता. बर्लिनहून कुणा संग्राहकाने जाकोपोला लिहिलं, की सिन्योरांना शहाऐंशीव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा; वजाबाकी त्याने चुकवलीच, तीही माझ्या विरुद्ध.

आणि खपाचं म्हणाल, तर दुसरी आवृत्ती जशी आली तशी दुकानांत बसून आहे. बरोबर माहिती असलेली रेकॉर्ड संग्राहकाला नको असते. सगळ्यांना पहिली हवी, चूक असलेली. माझ्या खाडाखोडीची तर प्रत सोडायला कुणी तयार नाही. ऑसवाल्दोच्या त्या सात प्रती देशाबाहेर गेल्या.

मी परवा त्याच्या दुकानात गेले आणि माझं नाव यादीत लिहायला सांगितलं.

"कशासाठी?"

"गोगलगायीसाठी. पहिली आवृत्ती मिळाली तर ठेव. बदल्यात माझ्याकडच्या हव्या त्या तीन घे."

ऑसवाल्दोने चष्म्यावरून पाहिलं. "सिन्योरा, पहिलीत तुम्ही मेलेल्या आहात."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "पण एकसष्टाव्या वर्षी."